बतुकम्मा मधूनच का खचते?

सोलापूरच्या पूर्व भागातला कट्टा. बहुतेकांची मुळं तेलंगणात, म्हणून नवरात्र जवळ आलं की तिथल्या सिरसिल्ला गावाचा विषय निघतोच. या वेळी तंटा बतुकम्माच्या रचनेवरून, म्हणजे ताटात फुलांची कडी एकावर एक चढवून देवी म्हणून पुजायची आणि शेवटी तळ्यात सोडायची त्या उतरंडीवरून.

"ताट लहान घेतलं की बतुकम्मा खचते," अंबादास म्हणाला.

"ताटाला कशाला दोष देतो बे?" श्रीनू उसळला. "पोट सैल राहतं म्हणून खचते. तळाशी भोपळ्याची पानं, कडेनं तरवडाच्या फुलांचं पहिलं कडं. फुलं बाहेर, देठ आत. मग कुरडू, झेंडू, पुन्हा तरवड, दर कडं आधीच्यापेक्षा बोटभर आत. आणि कडं झालं रे झालं की मधली पोकळी लगेच भरायची. तरवडाचा पाला, छाटलेले देठ, सगळं बारीक चिरून, मुठीनं दाबून. लोक चार-पाच कडी चढवतात आणि मग एकदम पाला ओततात. तो खाली बसतच नाही. संध्याकाळपर्यंत कोमेजून आकसतो आणि शेंड्यावरचं भोपळ्याचं फूल आत जातं. हळदीची गौर, आपली गौरम्मा, ठेवायची कुठं मग?"

अंबादासनं एवढं मान्य केलं, पण कुरडू रंगवण्यावर तो अडला. "पांढरा-गुलाबी तुरा मुळातच देखणा. जांभळा, हिरवा कशाला करायचा? शेवटी सगळं तळ्यातच जातं ना?"

"रंगाशिवाय कडी उठून दिसत नाहीत," नरेश म्हणाला. "फक्त घाई नको. तुऱ्यांची जुडी दोऱ्यानं बांधायची, देठ एका मापात कापायचे, रंगाच्या पाण्यात नुसते तुरे बुडवायचे आणि सावलीत पूर्ण वाळवायचे. ओली जुडी लावली की रंग उतरतो आणि खालचा पिवळा तरवड डागाळतो."

श्रीनूला काळजी वेगळीच. कुरडू हे शेतातलं तण. तणनाशक फवारलेल्या शिवारात ते उरणार कसं? फुलं आणायला घरातले पुरुष पहाटे बाहेर पडतात, पण बांधावर मिळालं नाही की बाजारातून जुडी विकत घ्यायची. तरवड हे तेलंगणाचं राज्यफूल, पण मानानं झुडपं वाढत नाहीत, हे त्याचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही.

मग दिवसांवर गाडी आली. भाद्रपद अमावास्येला सुरुवात, सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसते म्हणून रचायची नाही, नवव्या दिवशी सद्दुला, म्हणजे शेवटची मोठी बतुकम्मा. "पण सिरसिल्ल्याच्याच जिल्ह्यातल्या वेमुलवाड्यात सद्दुला सातव्याच दिवशी," नरेश म्हणाला. अंबादासला ते चुकीचं वाटलं. श्रीनूनं त्याला थांबवलं: दोन दिवसांच्या फरकामुळं लेकीला सासरची सद्दुला करून माहेरची गाठता येते. यात चूक ती कसली?

राहता राहिला मलिदा, म्हणजे नैवेद्याचे लाडू. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की गरम असतानाच चुरायची, गूळ तेव्हाच मळायचा. गार भाकरीचा लाडू वळला तर तळ्यावर पोचेपर्यंत फुटतो. यावर मात्र तिघांचं एकमत होतं.