मोजले काय, ते आधी सांगा

आज भाचीच्या शाळेत पालकांसाठी व्याख्यान होते आणि बहिणीसोबत मीही गेले होते. समुपदेशक म्हणून बोलावलेल्या गृहस्थांनी सुरुवातीलाच सांगून टाकले, की व्हिडिओ गेममुळे मुले हिंसक होतात, त्यांची बुद्धी मंदावते आणि हे सारे आता ‘संशोधनाने सिद्ध झालेले आहे’. सभागृहातल्या माना डोलल्या. कोणते संशोधन, कुणी केले, कुणावर केले, हे एकानेही विचारले नाही. मी हात वर केला, तेव्हा प्रश्न शेवटी घेऊ असे सांगण्यात आले आणि शेवटी अर्थातच वेळ संपलेली होती. म्हणून तो राग इथे काढते आहे. मुलांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, हे माझ्या मित्रयादीतल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही, हे मी गृहीत धरते.

प्रयोगशाळेत ‘आक्रमकता’ मोजतात कशी, हे त्या गृहस्थांना ठाऊक असते, तर त्यांचा आवाज इतका चढला नसता. एखाद्या विद्यार्थ्याला थोडा वेळ गेम खेळायला देतात, मग पलीकडच्या खोलीत कुणी प्रतिस्पर्धी बसला आहे असे भासवून त्याच्याशी बटण दाबण्याची शर्यत लावतात, आणि जिंकल्यावर त्या प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज किती मोठ्याने आणि किती वेळ सोडायचा, हे विद्यार्थ्याला ठरवू देतात. दुसऱ्या एका पद्धतीत तिखट न आवडणाऱ्या माणसासाठी किती तिखट सॉस काढून ठेवला, ते तोलतात. माल्टे एल्सन या मानसशास्त्रज्ञाने आवाजाची ही पद्धत वापरणारे शोधनिबंध गोळा केले, तेव्हा त्यांत आक्रमकतेचा आकडा काढण्याच्या दीडशेहून अधिक रीती निघाल्या. एकच चाचणी, आणि तिचा निकाल वाचायच्या दीडशे रीती! एवढ्या भांडवलावर कुणा आईला ‘तुमचा मुलगा उद्या कुणावर तरी हात उचलेल’ असे सांगायला जीभ कशी रेटते, हे मला खरोखर कळत नाही.

माझी भाची बारा वर्षांची आहे आणि माइनक्राफ्ट हा ठोकळे रचण्याचा गेम खेळते. त्या खेळात रेडस्टोन नावाची भुकटी तारेसारखी अंथरून संकेत पाठवता येतो, पण पंधरा ठोकळ्यांपुढे तो विझतो. तिचे दार उघडेना, तेव्हा तिने एकेक ठोकळा मोजून ही मर्यादा स्वतः शोधली आणि मध्ये संकेताला पुन्हा जोर देणारा रिपीटर बसवला. मग तिला असे दार हवे झाले, की दोन्ही कळा ओढल्या तरच ते उघडावे. रेडस्टोनची मशाल संकेत मिळाला की विझते आणि संकेत गेला की पेटते. प्रत्येक कळेला अशी एकेक मशाल जोडायची, दोघींचे संकेत एकत्र आणायचे आणि ते पुन्हा तिसऱ्या मशालीने उलटे करायचे, अशी जुळणी तिने कागदावर आकृत्या काढून आणि असंख्य वेळा मोडून बसवली. ज्यांनी संगणकाची तर्कद्वारे (लॉजिक गेट) शिकली आहेत, त्यांनी ओळखलेच असेल, की हे तर्कशास्त्रातले डी मॉर्गनचे सूत्र आहे आणि तिने त्याचे नावही ऐकलेले नाही. हीच मुलगी आज आईशेजारी बसून ‘बुद्धी मंदावते’ हे मान खाली घालून ऐकत होती.

बुद्धीचेच म्हणाल, तर 2003 साली शॉन ग्रीन आणि डाफ्नी बाव्हेलिए या संशोधकांचा ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. गेम न खेळणाऱ्यांना दहा तास खेळायला दिल्यावर त्यांचे दृश्य अवधान, म्हणजे नजरेसमोरच्या गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता, सुधारले, आणि गंमत अशी, की ते सुधारले गोळीबाराचा गेम खेळणाऱ्यांचे. टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा गेम खेळणाऱ्या गटाला तसा लाभ झाला नाही. म्हणजे पालकांना जो गेम सोज्वळ वाटतो, तोच इथे मागे पडला. याने गणिताचे गुण वाढतात, असा अर्थ मात्र मीही काढणार नाही. 2019 मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांनी तर विश्लेषण कसे करणार हे आधीच जाहीर करून, सुमारे हजार ब्रिटिश किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक घेऊन पाहिले. मुलांच्या वागण्याविषयी पालकांनाच विचारले होते, आणि हिंसक गेम व आक्रमक वर्तन यांचा संबंध काही आढळला नाही.

हो, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये हिंसक गेमचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी छोटासा संबंध असल्याचे म्हटले आहे, ते मान्य. पण त्याच ठरावात, हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्यास पुरेसा आधार नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे. आणि हो, 2010 च्या एका प्रयोगात नवा गेमसंच मिळालेली लहान मुले चार महिन्यांनी वाचन-लेखनात मागे पडली होती, हेही खरे आहे. पण तिथे शाळेनंतरचा अभ्यासाचा वेळ गेमने खाल्ला होता, मेंदू नव्हे. वेळेचे नियोजन करा, असे ते गृहस्थ म्हणाले असते, तर मी पहिली टाळी वाजवली असती.

त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचेही नाव घेतले. तिच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, हे खरेच. मात्र त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अधिक महत्त्व मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारणपणे बारा महिने चालू असणे, अशा अटी आहेत. जेवायला हाक मारल्यावर ‘पाच मिनिटे’ म्हणणारे मूल त्यात बसत नाही. ज्यांच्या घरी खरोखर हा विकार आहे, त्या आईबापांचे हाल मी पाहिले आहेत. त्यांना उपचारांची माहिती हवी होती आणि आज तीच कुणी दिली नाही.

इथपर्यंत लिहून मी जराशी निवळले आहे. पालक घाबरतात, यात त्यांचा दोष नाही. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाने रेडस्टोनच्या मशाली कधी समजून घ्यायच्या? बहीणही भाचीच्या त्या दाराकडे पाहून ‘छान आहे’ एवढेच म्हणाली होती.

पण ज्याची धास्ती घ्यायला हवी, त्याबद्दल त्या व्याख्यानात अवाक्षर नव्हते, आणि ते आठवले की पुन्हा डोके तापते. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, या ‘लूट बॉक्स’ना बेल्जियमने 2018 मध्येच जुगार ठरवले. हा प्रकार मला भाचीनेच दुसऱ्या एका गेममध्ये दाखवला: पेटी फुकट मिळते, किल्ली विकत घ्यावी लागते आणि दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता बारीक अक्षरांत कोपऱ्यात लिहिलेली असते. ‘मावशी, हे मुद्दाम असं केलंय,’ असे ती म्हणाली. बहिणीने त्याच रात्री खरेदीला पासवर्ड लावला आणि खेळणे रात्री नऊला बंद, असा नियमही केला. नऊच्या नियमावर अजून रोज भांडण होते, त्यात मी पूर्णपणे बहिणीच्या बाजूची आहे, आणि त्यामुळे भाची सध्या माझ्याशी बोलत नाही.