सोडा, व्हिनेगर आणि काकूंची जास्वंद

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा फिरला: ‘एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा भांड्यांचं लिक्विड, एक चमचा कडुनिंबाचं तेल. भर उन्हात फवारा. मावा, मिलीबग, बुरशी तीन दिवसांत गायब. केमिकल नाही, रोज मारलं तरी चालतं.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक शेजारच्या काकूंचा. त्यांच्या गुलाबाची पानं कडेनं करपलेली मी रोज बघतोय.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फसफसतं, म्हणून औषध जालीम वाटतं. खरं तर त्या फेसात व्हिनेगर संपून जातं. सोडा मात्र बराच उरतो, आणि दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम. लिटरला पाच पुरतात. जास्तीचा सोडा पानं करपवतो, आणि त्यातलं सोडियम कुंडीच्या मूठभर मातीत साठत जातं.

बुरशीवर सोडा चालतो, हे अर्धं खरं. भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी, नुकती दिसू लागली असेल तर तो तिला रोखतो. पान पांढरंफटक झाल्यावर फार उपयोग नाही. शिवाय ‘बुरशी’ एकच नसते. भुरीला पान ओलं असावं लागत नाही, म्हणून पुण्यात ती पाऊस गेल्यावर, थंडीच्या कोरड्या दिवसांत जोर धरते. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांना मात्र पान कित्येक तास ओलं लागतं; ते जुलै-ऑगस्टचं दुखणं. तिथे गळलेली पानं उचलणं, गर्दी झालेल्या फांद्या छाटणं आणि पाणी बुंध्याशी घालणं जास्त कामाचं. आणि किडींवर सोड्याचा म्हणावा असा परिणाम नाही.

भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं. ते पानावरचं मेणही काढतं. तेल पाण्यात मिसळायला साबण हवाच, पण सौम्य, आणि थोडा. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबायचं.

कडुनिंबाचं तेल मात्र खरंच कामाचं आहे, लिटरला तीन ते पाच मिली. फक्त ‘भर उन्हात’ नको: तेलानं पान भाजतं आणि त्यातलं किडीवर काम करणारं द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं मारा. त्यानं कीड पटकन मरत नाही. पिल्लांचं कात टाकणं बिघडतं. तीन दिवसांत निकाल मागू नका.

मिलीबगच्या अंगावर मेणाचं पीठ असतं, साधा फवारा ओघळून जातो. थोडे असतील तर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावा, जास्त असतील तर पाण्याचा जोरदार फवारा. आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा. गोड चिकट स्रावासाठी त्याच मिलीबगची राखण करतात.

‘रोज मारा’ हे सगळ्यात घातक. पपईवरचा परदेशी मिलीबग 2008 मध्ये कोइमतूरला सापडला, मग जास्वंदीसकट कितीतरी झाडांवर पसरला. 2010 मध्ये बाहेरून आणलेल्या एका इवल्याशा गांधीलमाशीनं त्याला आवरलं. असे मित्रकीटक रोजच्या फवाऱ्यात टिकत नाहीत.

परवा काकू बाटली घेऊनच दारात उभ्या. ‘अरे, हे बघ, जास्वंदीवर केवढे मोठे मिलीबग झालेत, पळतायत सुद्धा!’ जाऊन बघितलं. पांढरे, लोकरी, पण भराभर चालणारे. म्हटलं, ‘काकू, बाटली खाली ठेवा. ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं आहेत, तुमचे मिलीबगच खातायत.’