रविवारी पळू इच्छिणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

तुम्ही पळायचं ठरवलंत, फार छान. फक्त उद्या सकाळी उठून एकटेच पळायला जाऊ नका. असा परस्पर पळणारा माणूस आपल्या गावात एक तर कुत्र्यांच्या तावडीत सापडतो, नाहीतर घरात भांडून निघालाय असं समजून चार ओळखीचे त्याला थांबवतात. आधी ग्रुपमध्ये या. हल्ली तालुक्याच्या गावाला एक साखर कारखाना, चार पतसंस्था आणि एक रनर्स ग्रुप लागतोच, तसा आपल्याकडंही आहे. थंडीत दर रविवारी मार्केट यार्डाच्या गेटपासून कॅनॉलच्या रस्त्यानं कारखान्याच्या फाट्यापर्यंत आणि परत, अशी पाच किलोमीटरची शर्यत होते. वेळ लावतात, गुण देतात, तक्ता लावतात आणि त्या तक्त्यावरून शुक्रवारपर्यंत दोघातिघांचं बोलणं बंद असतं. या मंडळींत तुम्हाला मानानं बसायचं असेल, तर पुढचं नीट वाचा.

शनिवारी रात्री ग्रुपवर 'उद्या ५.३० शार्प' असा निरोप येईल. त्यावर हात जोडलेलं चित्र टाका आणि सहाला पाच कमी असताना पोचा. साडेपाचला तिथं फक्त यार्डाचा वॉचमन आणि नवा सभासद असतात. नवा कोण ते आम्ही त्यावरूनच ओळखतो. पोचल्यावर दिसेल त्याला 'सर' म्हणा. चुकण्याची भीती नाही. निम्मे डॉक्टर आहेत, उरलेल्यांत शिक्षक, बँकवाले आणि विमावाले. त्यातल्या हाडांच्या डॉक्टरांशी आत्ताच सलगी करून ठेवा, पावसाळ्यापर्यंत गुडघा घेऊन त्यांच्याकडं जायचंच आहे. बायकांना 'मॅडम'. 'भाऊ' म्हणजे एकच, ते माजी नगराध्यक्ष. ते पळत नाहीत, झेंडा दाखवतात.

झेंड्याआधीची दहा मिनिटं मात्र हलक्यात घेऊ नका. शर्यतीतली निम्मी चुरस इथंच होते. 'आज जोर लावणार आहे' असं इथं कुणीही, कधीही म्हणत नाही. "आज नुसता रिकव्हरी रन." "काल साडूच्या मुलीचं लग्न होतं, दोनला पाठ टेकली." "पिंढरी धरलीय हो, बघू, चालत येईन मागनं." हे बोललेला गृहस्थ पहिल्याच वळणावर तुमच्या बरगडीत कोपर घालून पुढं गेला, तर त्याला खोटारडा समजू नका. निमित्त आगाऊ नोंदवून ठेवायचं असतं. लागलं तर वापरायचं, नाही लागलं तर पुढच्या रविवारी चालतं. दुखणं निवडतानाही हात सैल ठेवू नका. 'पाय दुखतोय' म्हणालात, तर बाम लाव म्हणतील आणि वळतील. 'आयटी बँड' (मांडीच्या बाहेरच्या अंगाचा पट्टा) म्हणालात, तर चौघं गोल करून उभे राहतील आणि पाचवे, वय वर्षं अठ्ठावन्न, डांबरावर आडवे पडून कोणता ताण द्यायचा ते करून दाखवतील. त्यांना उठवायला दोघं लागतात, पण तुमचं नाव झालेलं असतं.

उपग्रहावरून अंतर मोजणारं घड्याळ घ्या. वेळ बघायला नाही, वेळ सांगायला भिंतीवरचंही चालतं. सुटण्याआधी सगळ्यांनी मनगट आभाळाकडं धरून उपग्रहाची वाट बघायची असते. त्या वेळी यार्डात हमालीला आलेली माणसं आमच्याकडं काय बघतात! शर्यत संपली आणि घड्याळात ४.९६ दिसलं, तर घाबरून जाऊ नका. स्कुटरींच्या भोवती फेऱ्या मारायला लागा, ५.०० झालं की थांबा आणि मगच धापा टाका. जगात मान्यताप्राप्त रस्ता-शर्यतीचं अंतर सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून मोजतात, वर चूक राहू नये म्हणून हजारी एक जादा धरतात. मॅरेथॉनला तो हिशेब ४२ मीटरचा होतो. आपलं अंतर खजिनदारांनी मोटारसायकलच्या काट्यावर मोजलंय, त्यातही वाटेत त्यांना वर्गणीसाठी दोन ठिकाणी आत वळावं लागलं होतं. तेव्हा कुणाच्या घड्याळात किती आलं यावरचा वाद मिटणार नाही, आणि मिटवूही नये. तासभर जातो.

बुटांबद्दल कंजुषी नको. तळव्यात कार्बनची पट्टी असलेलेच घ्या. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं २०२० साली रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्याला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली, कारण त्या जाडीत वेग लपलेला असतो अशी तक्रार होती. त्याआधी २०१९ साली केनियाच्या एलिउड किपचोगेनं व्हिएन्नात ४२ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापले, तेही असलाच बूट घालून. विक्रम म्हणून ते धरलं गेलं नाही ही गोष्ट वेगळी. तुम्हाला पाच किलोमीटरला छत्तीस मिनिटं लागतात, या बुटांनी साडेपस्तीस लागतील. किंमत बायकोला सांगताना शेवटचं शून्य गाळा.

मग पाहुण्यांचं भाषण. पळायला आलेल्या माणसाला थंडीत घाम यायच्या आधीच गार करण्याचं काम ते करतं. त्यात मॅरेथॉन नावाच्या गावाची गोष्ट येते, हल्लीची पिढी मोबाइलमध्ये कशी बुडालीय ते येतं (हे मोबाइलवर बघून वाचतात), आणि मोहीच्या ललिता बाबर यांचं नाव येतंच येतं. ते यावंच. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखातली ही मुलगी २०१६ साली रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठायला भारतीय बाईला पी. टी. उषांनंतर ३२ वर्षं लागली होती. 'आपल्या मातीतली' या शब्दांवर टाळ्या वाजवा. आपल्या कॅनॉलच्या रस्त्यावर पहाटे एकही दिवा का नसतो, असं तेवढ्यात विचारू नका. या हंगामाचे टी-शर्ट भाऊंकडून आहेत.

प्रत्यक्ष पळण्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. गाळपाचा हंगाम असतो, म्हणजे समोरून उसाच्या ट्रॉल्या येतात, एकीला दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टरवर गाणं एवढं मोठ्यानं लावलेलं की तुम्ही ओरडलात तरी कळत नाही. डाव्या अंगानं पळा, नाही, उजव्या. समोरचं दिसलं पाहिजे. फाट्यावर पाण्याचा जार घेऊन एक मुलगा उभा असतो. स्टीलचे पेले दोनच आहेत. ग्लुकोजच्या बिस्किटाचा पुडा तो सोडून ठेवतो, पण धापा टाकत बिस्किट खाल्लं तर भुकटी नाकातून येते, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. प्रत्येकाला एकदा अनुभवू देतात.

इंग्लंडात याच अंतराचा एक विचित्र प्रकार चालतो, तो माहीत असू द्या, म्हणजे कुणी ग्रुपवर सुचवलाच तर वेळीच हाणून पाडता येईल. लंडनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ ला १३ जण पाच किलोमीटर पळाले. त्यातनं पार्करन उभं राहिलं, आणि आता देशोदेशी दर शनिवारी सकाळी होतं. फुकट! म्हणजे खजिनदाराला काही कामच नाही. रोख बक्षीस नाही, म्हणजे पाहुणा कशाला येईल? सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक चालत येतो, शेवटचा नंबर त्याचा, म्हणजे पळायला आलेला कुणी शेवटचा ठरतच नाही. मग हसायचं कुणाला? वर २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी वेगाचे विक्रम संकेतस्थळावरून काढून टाकले, का तर नवख्यांना दडपण येतं. दडपण येऊ नये, तर शर्यत भरवायची कशासाठी?

आता जरा गंभीर गोष्ट. कॅनॉलच्या रस्त्यावर आपल्याआधी तासभर काही पोरं-पोरी पळत असतात. अंधारात फक्त पावलं ऐकू येतात, चप् चप् चप्, आणि एकदम दहाबारा जण अंगावरून निघून जातात. ही भरतीची पोरं. कुणाच्या पायांत तळ उचकटलेला बूट, सुतळीनं बांधलेला, कुणी अनवाणी. टी-शर्टवर भलत्याच मंडळाचं गणपतीचं साल. खिशात भिजवलेले हरभरे. पळून झालं की कॅनॉलच्या कट्ट्यावर बसून ते खातात आणि एकमेकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारतात. यांना पाहून मन विचलित होऊ देऊ नका, ते शर्यतीत धरत नाहीत. पोलीस शिपाई भरतीला मुलांना १,६०० मीटर पळावं लागतं, ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर. म्हणजे मुलांना किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्या आसपास. आपल्या तक्त्यावर पहिले असणारे सर किलोमीटरला पाच मिनिटं घेतात आणि त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालेला आहे. पण तुलना चुकीची आहे. सर छंद म्हणून पळतात. या पोरांपुढं नोकरीचा प्रश्न असतो, त्यामुळं ती पळणारच. त्यात कौतुकासारखं काय?

त्यातली एखादी पोरगी तुम्हाला फाट्याच्या चढावर मागे टाकून गेली, तर लगेच खाली वाका आणि बुटाची नाडी बांधायला घ्या. ती वळणापलीकडं गेली की उठा. तिनं जाता जाता 'काका, जरा कडंनं' म्हटलं असेल, तर ते ग्रुपवर सांगण्याची गरज नाही.

ग्रुपमधल्या बायकांना मात्र मार्गदर्शन करायला विसरू नका. मॅडम तुमच्या पुढं असल्या तरी करा. हात कसे ठेवावेत, श्वास कुठून घ्यावा, टाच आधी टेकावी की चवडा, हे सगळं मागून ओरडून सांगता येतं. त्या वेग वाढवतील. तो तुमच्या मार्गदर्शनाचाच परिणाम समजा. शर्यत संपल्यावर त्या चहाला थांबत नाहीत, घरी डबे करायचे असतात. त्यांच्या माघारी 'बायकांना चिकाटी कमी' या विषयावर चर्चा होते, तीत भाग घ्या.

चहा म्हणजे मिसळ. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर पळला की साधारण साडेतीनशे कॅलरी जळतात, आणि चौकातली एक प्लेट, जादा पाव आणि वर तर्री एवढ्यात हा हिशेब फिटून उलट आपल्या अंगावर येतो. असं म्हणणारे एक आहारतज्ज्ञ सर पूर्वी ग्रुपमध्ये होते. आता नाहीत.

वर्षातून एकदा सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनला जायचं, ही आपली वारी. ती २०१२ पासून होते, यवतेश्वरच्या घाटानं कासच्या रस्त्यावर चढायचं आणि परत उतरायचं, सगळे मिळून एकवीस किलोमीटर. २०१५ साली तिथं एका डोंगरावर २,६१८ जण पळाले म्हणून गिनीज बुकात नाव लागलं. घाटात सगळेच चालतात, पण फोटोवाला कुठल्या वळणावर बसलाय ते आधी विचारून ठेवा आणि तेवढं वळण पळा. पदक मिळालं की ते सोमवारी बँकेच्या शाखेत गळ्यात घालून जायला हरकत नाही. मंगळवारी काढा.

राहता राहिला परवाच्या बैठकीतला विषय. हंगामाची शेवटची शर्यत यंदा सर्वांसाठी खुली आणि पहिल्याला रोख पाच हजार, असं कुणीतरी उत्साहाच्या भरात फलकावर लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी भरतीची चाळीस नावं आली. पहिले पंचवीस नंबर कुठं जाणार, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. 'धावण्याची संस्कृती रुजवणं' हे आपल्या पत्रकावरचं पहिलंच वाक्य असल्यामुळं पोरांना सरळ नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं. बरीच चर्चा झाली. एका सरांनी, त्यांना पाण्याच्या जारपाशी उभं करू आणि स्वयंसेवक म्हणून प्रमाणपत्र देऊ, असं सुचवलं. शेवटी वकीलसाहेबांनी मार्ग काढला. शर्यत खुलीच ठेवायची, फक्त प्रवेश फी नऊशे नव्याण्णव करायची, आणि फॉर्म ऑनलाइन. चाळीसपैकी अजून एकाचाही आलेला नाही. तुमचा लवकर भरा. फीमध्ये टी-शर्ट, पदक आणि पोहे धरलेत. साइज मात्र आजच कळवा, मागच्या वेळी सगळे डबल एक्सएल आले होते आणि तेच आधी संपले.