पावडर आणणार नाहीये

परवा मावसबहिणीचा मेसेज आला, ताई डिसेंबरमध्ये येताना ती डिप्रेशनवरची चायनीज पावडर घेऊन ये ना, तुला लागू पडलेली, मला आता गोळ्या बंद करायच्यात. तिला विचारूनच लिहितेय, कारण इनबॉक्समध्ये हाच प्रश्न अजून तिघींनी विचारलाय आणि "लागू पडलेली" हे मी कधी म्हटलं तेच मला आठवत नाही.

झालं असं होतं. सिंगापूरला येऊन दुसरं वर्ष, पहाटे तीनला टक्क जाग यायची, कशातच मन लागेना आणि घशात सतत आवंढा अडकल्यासारखा. घरी फोनवर सांगितलं तर म्हणाले अ‍ॅसिडिटी असेल. ऑफिसातल्या एका वयाने मोठ्या चिनी बाईंनी माझा चेहरा बघितला आणि शनिवारी त्यांच्या एचडीबी ब्लॉकखालच्या (एचडीबी म्हणजे इथल्या सरकारी इमारती) मेडिकल हॉलमध्ये नेलं. मेडिकल हॉल म्हणजे त्यांचं झाडपाल्याचं दुकान, मागे भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, आणि आत सिनसे, म्हणजे त्यांचे वैद्य. दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बघितली. झोप, भूक, पोट, पाळी सगळं विचारलं. वीस-पंचवीस मिनिटं! डिप्रेशन हा शब्द एकदाही काढला नाही. म्हणाले लिव्हरची ची अडकलीये. (ची म्हणजे आपला प्राण-वायू टाइप काहीतरी, अगदी तेच नाही.) मला हसू आलं, मग वाटलं आपण तरी काय वेगळं करतो, दुःख काळजात ठेवतो आणि खाटकाकडे काळीज मागितलं की तो लिव्हरच देतो.

आणि त्या आवंढ्याला त्यांच्याकडे चक्क नाव आहे. आलुबुखाऱ्याची बी अडकल्यासारखी ची! अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटणाऱ्या बायकांसाठी काढा आहे, आणि विनाकारण रडणाऱ्या बाईसाठी ज्येष्ठमध, गहू आणि लाल खजूर. फक्त तीन वस्तू. मी हे वाचून रडले होते, खरं सांगते, कुणीतरी इतक्या आधी हे लिहून ठेवलंय म्हणून.

मला मिळालेली पावडर शियाव-याव सान. सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहातली, म्हणजे नऊशे वर्षं जुनी, नावाचा अर्थ साधारण निवांत भटकणं. त्यात चायहू नावाचं मूळ, दांगग्वे नावाचं दुसरं मूळ, पांढऱ्या पिओनी फुलझाडाचं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी, ज्येष्ठमध, आलं, पुदिना वगैरे. चव विचारू नका. झोप थोडी सुधारली, पावडरीने की कुणीतरी पंचवीस मिनिटं ऐकून घेतलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

आर्थर क्लाइनमन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात गेले होते. तिथे "नर्व्हस कमजोरी" असं निदान झालेले १०० पेशंट त्यांनी तपासले, ८७ जणांना त्यांच्या निकषांनी डिप्रेशन निघालं. लोक डोकेदुखी, चक्कर, झोप नाही असं सांगत होते कारण मन बिघडलंय म्हणणं परवडणारं नव्हतं. आपल्या नाशकात, सांगलीत तरी कुठे परवडतं? लिव्हर अडकलंय म्हटलं की सासूसुद्धा काढा करून देते, डिप्रेशन म्हटलं की सगळे तुझ्या लग्नाचा विषय काढतात. ही पावडर सगळ्यांना का हवी असते ते मला इथे कळतं.

पण काम करते का? चीनमध्ये ढिगाने ट्रायल्स झाल्यात, बऱ्याच छोट्या, बऱ्याच ढिसाळ, आणि जवळजवळ सगळ्यांचा निकाल छानच. १९९८ मध्ये विकर्स आणि इतर संशोधक मंडळींनी चीनमधून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या ट्रायल्स तपासल्या तर एकही फेल नव्हती. आमच्या शाळेच्या सहामाहीलासुद्धा असा निकाल लागला नाही कधी. आणि गंमत बघा, चीनमध्ये डिप्रेशनवर जी शू गान ज्ये यू कॅप्सूल मिळते त्यातलं मुख्य झाड म्हणजे युरोपातलं सेंट जॉन्स वर्ट! तेच झाड जे तुझ्या गोळ्यांसोबत घेतलं तर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक वाढू शकतं.

नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही, हे तर मला सांगूच नका. १९९६ पर्यंत जपानात चायहूवाल्याच दुसऱ्या एका औषधामुळे ८८ जणांना फुफ्फुसाचा आजार झाला, १० जण गेले. जास्त दिवस ज्येष्ठमध घेतलं की पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. दांगग्वे रक्त पातळ करायच्या गोळीसोबत चालत नाही, मावशीची ती गोळी चालू आहे ना, मग घरात तो डबा नकोच.

पुढे मी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे गेले, गोळ्या सुरू झाल्या, दीड महिन्यात आवंढा गेला. मग दुसऱ्या एका सिनसेने (पहिले खूप सांभाळून बोलायचे) सांगितलं गोळ्या ताबडतोब सोड, शरीरात विष साठतंय. मी सोडल्या, एका रात्रीत. आठवडाभर डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, उलट्या आणि मग ते पहाटेचे तीन परत. त्या माणसाने दुसऱ्यांदा गेल्यावर पावडरीचा डोस वाढवला फक्त. परत डॉक्टरकडे गेले, ते रागावले नाहीत, म्हणाले कमी करायच्या असतील तेव्हा आपण मिळून हळूहळू करू.

तर बाई, पावडर येणार नाही. लाल खजूर आणते किलोभर, म्हणजे आपल्या बोराचाच भाऊबंद, चहात टाकून मस्त लागतो. आणि गोळ्यांचं काय ते तुझ्या डॉक्टरांना आत्ताच विचार, माझी वाट बघू नकोस. तोवर रात्री फारच जड गेलं तर १४४१६ वर फोन कर, ती टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, ते मराठीतही बोलतात, नाहीतर मला कर, तुझे तीन वाजतात तेव्हा माझे साडेपाच झालेले असतात, मी उठलेलीच असते.