लॉक नाही, तरी छत्तीसशे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका (प्रतिक्रियेखाली तुम्ही फक्त 'निवृत्त टूलरूम फिटर, भांडुप' एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो, चालवून घ्या),

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये आमचा पहिला खिशातला चाकू विक्रीला आल्याचं लिहिलं होतं: 65 मिलिमीटरचं पातं, मायकार्टाची (रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाच्या कडक शीटची) मूठ, 'मॉडर्न' स्लिपजॉइंट, म्हणजे लॉक नसलेला मिटणारा चाकू, किंमत 3,600 रुपये. त्यावर काकांचं म्हणणं असं की, लॉक (उघडं पातं आपोआप मिटू न देणारा अडसर) नसलेला चाकू म्हणजे अर्धवट चाकू, आज ना उद्या कुणाचं तरी बोट जाणार. सहाशे रुपयांत लॉकवाला, खिशाला अडकवायच्या क्लिपवाला चाकू घरपोच मिळतो. पोलाद स्वीडनचं आणि नुसता गाळा साकीनाक्याचा, मग 'मुंबईत बनलेला' कसा? आणि या शहरात चाकू विकायचा धंदा शोभतो का? शेवटी एक प्रश्नही आहे, कमान (पातं जागी धरणारी स्प्रिंग) ढिली पडली तर काय. "पोरखेळाला मॉडर्न म्हटलं की झालं" हे तुमचं वाक्य मी गाळ्यात मोठ्याने वाचून दाखवलं. मिस्त्री चहा सांडेपर्यंत हसले.

लॉकपासून सुरू करतो, कारण खरं भांडण तिथेच आहे. स्लिपजॉइंटमध्ये पातं उघडं राहतं ते निव्वळ मुठीच्या पाठीतल्या कमानीच्या दाबावर. पात्याचं बूड, ज्याला टँग म्हणतात, त्याला सपाट बाजू घासलेल्या असतात आणि कमान त्यातल्या एकीवर घट्ट दाबून बसते. पातं मिटवताना बुडाचा कोपरा कमानीला उचलतो, पुढची सपाट बाजू आली की कमान खट्‌कन खाली बसते. आता कापताना जोर कुठे जातो ते बघा. धार वस्तूवर दाबली की पातं आणखी उघडायला बघतं आणि तिथे ते अडलेलं असतं. मिटतं कधी, तर पात्याच्या पाठीवर दाब आला तर. भोसकलं, उचकटलं, रुतलेलं पातं वाकवून ओढलं, तर. हे सगळं पेचकस आणि पहारीचं काम आहे, ते या चाकूने करूच नये असं माझं म्हणणं आहे. लॉक काढून टाकलं की हे वेगळं सांगावं लागत नाही, हाताला आपोआप कळतं.

तुमच्या पिढीत ज्याच्याकडे 'फॉरेनचा' लाल स्विस चाकू असे, तो चाळीत भाव खाऊन जाई. कार्ल एल्सेनर यांनी 1897 मध्ये नोंदवलेल्या ऑफिसरांच्या चाकूचा तो वंशज. त्याच्या नेहमीच्या 91 मिलिमीटरच्या आकारात मोठ्या पात्याला आजही लॉक नाही (111 मिलिमीटरवाल्यांना असतं). त्याला अर्धवट म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. शिवाय आमच्या चाकूत 90 अंशांवर एक थांबा आहे. पातं चुकून मिटायला लागलंच, तर काटकोनात अडकतं आणि धार बोटांपर्यंत येत नाही. तिथून पुढे मिटवायला दुसऱ्यांदा जोर लावावा लागतो.

सहाशेवाल्याच्या लॉकबद्दलही बोलू. आत एक पातळ पत्रा बाजूला वाकून बुडाच्या मागे जाऊन उभा राहतो. बुडाच्या ज्या तिरक्या बाजूला तो टेकतो, तिचा कोन जरा चुकला की पाठीवर दाब येताच पत्रा घसरतो. आम्ही असे काही चाकू मागवून त्यांच्या पाठीवर लाकडी ठोकळ्याने हलके टोले मारून पाहिले. काही टिकले, काही चक्क मिटले. लॉक आहे या भरवशावर माणूस नको तिथे जोर लावतो, आणि सुटतं ते नेमकं तेव्हाच. तरीही तो चाकू टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पार्सलचे खोके फोडायचे असतील तर तोच घ्या, किंवा स्टेशनरीच्या दुकानातला कटर घ्या, आणखी स्वस्त पडेल.

'मॉडर्न' हा शब्द मी हौसेने चिकटवलेला नाही. लॉक नसलेले चाकू आजोबांच्या जमान्यातले समजून जग त्यांना विसरत चाललं होतं. त्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं ते बऱ्याच अंशी कायद्यांमुळे. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने, सबळ कारण नसेल तर, खिशात बाळगता येतो तो मिटणारा, लॉक नसलेला आणि 3 इंचांपर्यंत धारेचा चाकू. जर्मनीने 2008 मध्ये एका हाताने उघडणारे लॉकवाले चाकू विनाकारण बाळगायला बंदी घातली. मग कारागिरांनी जुनी रचना तशीच ठेवून पोलाद, मूठ, स्क्रू, वॉशर सगळं नवं घातलं. आम्ही तेच करतो आहोत. फक्त क्लिप मुद्दाम लावलेली नाही. सहा बावन्नच्या कल्याण लोकलमध्ये खिशाबाहेर चाकूची क्लिप दिसावी, असं मला वाटत नाही.

आता पैशांचं. तुम्ही फिटर आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी हवं तर हा भाग सोडून द्या.

पातं तीन जागी थांबतं: उघडं, काटकोनात आणि बंद. तिन्ही जागी कमानीची पाठ लायनरच्या (मुठीच्या आतल्या पत्र्याच्या) काठाशी एका पातळीत यायला हवी. आमच्याकडे पहिली तपासणी अंगठ्याच्या नखाने होते. नख आडवं फिरवायचं, कुठे अडता कामा नये. दोन-तीन शतांश मिलिमीटरची पायरीसुद्धा नखाला लागते, डायल गेजने मोजणं नंतर. लेझरने कापून आणलेलं पातं या मापात कधीच येत नाही, आणि हार्डनिंगला जाऊन आलं की आणखी थोडं हलतं. परत येतं तेव्हा ते 59-60 रॉकवेलला (कडकपणाचं माप) असतं, कानस नुसती घसरते. मग सरफेस ग्राइंडरवर बुडाची एक बाजू किंचित घ्यायची, पिना घालून तात्पुरतं जोडायचं, नख फिरवायचं, सोडायचं, परत घ्यायची. एखादी बाजू जास्त गेली तर ती परत चिकटवता येत नाही. उरलेल्या दोन तिच्या मापाला आणता येतात, पण मग कमानीचा दाब तेवढा ढिला पडतो आणि तो चाकू विक्रीला जात नाही. कोपरे गोल झाले की खटका मरतो, फार टोकदार ठेवले तर कमानीवर ओरखडे पडतात. कमान पात्यापेक्षा मऊ ठेवावी लागते, नाहीतर वाकण्याऐवजी एक दिवस तुटेल. हे सगळं एकाच मिस्त्रींच्या हातून होतं. त्यांना दिवसाला किती चाकू होतात ते विचारायचं मी सोडून दिलंय, कारण त्यांना राग येतो.

बाकीचा खर्च छोट्या धंद्याचा नेहमीचाच. व्हॅक्यूम भट्टीत मूठभर पाती घाला नाहीतर गोणीभर, एका लॉटचे किमान पैसे सुटत नाहीत. पोलादाचा पत्रा पूर्ण घ्यावा लागतो. जाहिरातीचं तर विचारूच नका. एका मोठ्या साइटने आमचा फोटो 'शस्त्र' म्हणून नाकारला, आणि त्याच पानावर मटण तोडायचा सुरा सवलतीत विकायला होता.

स्वीडिश पोलाद का, तर पावसाळ्यामुळे. आधी डी-2 या टूल स्टीलच्या नमुन्यांवर काम केलं होतं. धार छान टिकते, पण त्यात 12 टक्के क्रोमियम असूनही बराचसा कार्बनसोबत कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकून पडतो आणि गंजाशी लढायला कमी उरतो. जुलैत कैरी कापून पातं तसंच मिटून ठेवलं, तर सकाळी बुडाजवळ तांबूस ठिपके दिसतात. आमच्या स्वीडिश पोलादात, म्हणजे 14सी28एन मध्ये, कार्बन 0.62 टक्के, क्रोमियम 14 टक्के आणि थोडा नायट्रोजन असतो. कार्बन कमी असल्याने जो कडकपणा जाईल त्यातला काही नायट्रोजन भरून काढतो, आणि क्रोमियम मोकळं राहतं. इथल्या बाजारात या जाडीत, इतक्या थोड्या मालात मला त्या तोडीचं काही मिळालं नाही. मिळालं तर उद्या घेईन. तोवर पोलाद स्वीडनचंच, आणि ते आम्ही खोक्यावर छापलेलं आहे.

पण पोलाद म्हणजे चाकू नसतो, हे मी तुम्हाला सांगावं? पाणी देणं, घासणं, बसवणं, धार, सगळं साकीनाका आणि वसईच्या गाळ्यांत होतं. वॉशरचा फॉस्फर ब्रॉन्झ नागदेवीच्या बाजारातून येतो. आणि ज्या मायकार्टाला तुम्ही 'परदेशी नखरा' म्हणालात, ते लोहार चाळीच्या बाजारातलं आपलं हायलम आहे, कापडाचं. कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून गरम दाबाखाली केलेली शीट. तुम्ही टूलरूममध्ये याचे गिअर नक्की कापले असतील. बारीक पॉलिश केलं नाही तर ओल्या हातातही सटकत नाही, म्हणून आम्ही ते मॅटच ठेवतो.

राहिला शोभण्याचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेत नाही. चाकू म्हटलं की अनेकांना हिंदी सिनेमातला रामपुरीच आठवतो. कायद्याचं बघाल तर शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. आमचं पातं तीन इंचही भरत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, असं मी स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 व्या कलमाखाली मनाई आदेश निघतात तेव्हा त्या यादीत 'चाकू' असतो, लांबी दिलेली नसते. म्हणून प्रत्येक खोक्यात मराठीत चिठ्ठी असते: मोर्चा, सभा, मेट्रो, विमानातली हातबॅग, इथे हा चाकू नेऊ नका. ऑफिसच्या खणात, ट्रेकच्या सॅकमध्ये, हत्यारांच्या पेटीत ठेवा. अठरा वर्षांखालच्यांना विकत नाही. काळं कोटिंग, कवटीचं चित्र, 'टॅक्टिकल' नाव यातलंही काही करत नाही. केलं असतं तर जास्त खपला असता, हे मला माहीत आहे.

यानंतरही तुम्हाला धंदा पटला नाही तर माझी तक्रार नाही. पण 'पोरखेळ' तेवढा मागे घ्या, मिस्त्री एकसष्ट वर्षांचे आहेत.

कमान ढिली पडली तर काय, याचं उत्तर: बदलून देऊ, पैसे फक्त कमानीचे आणि कुरिअरचे. मूठ रिवेटऐवजी स्क्रूवर ठेवली आहे ती त्यासाठीच. मात्र नुसती कमान पोस्टाने मागवू नका. नवी कमान जुन्या, झिजलेल्या बुडावर बसवून पाहावी लागते, त्यामुळे अख्खा चाकू गाळ्यावर पाठवा किंवा घेऊन या. रविवार सोडून कधीही, दुपारी दोन ते तीन लाइट जाते ती वेळ टाळून.