तो मेल आमच्या नर्सरीतून गेलेला नाही भाऊ

नमस्कार भाऊ, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की केळीच्या रोपांचं बिल म्हणून आमच्या मेलवरून फाईल आली, ती उघडली अन् कॉम्प्युटर बसला, आणि आम्ही गिऱ्हाइकाला व्हायरस पाठवतो. ऐन मृगबागेच्या लागवडीत सगळा हिशोब अडकला, याचं खरंच वाईट वाटतंय. पण तो मेल आमचा नाही.

काल तुमच्या मुलाने माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जीमेलमधे तीन टिंबं दाबून शो ओरिजिनल, म्हणजे मेलची मूळ माहिती काढली, त्यात रिटर्न पाथला (मेल पोचला नाही तर परत जायच्या जागी) आमचाच पत्ता पण एसपीएफपुढे सॉफ्टफेल. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी, अन् सॉफ्टफेल म्हणजे मेल ज्या सर्व्हरवरून निघाला तो आमच्या यादीतला नाहीच. पाकिटामागे पाठवणारा म्हणून आमचा रावेरचा पत्ता लिहून ते सुरतच्या डब्यात टाकलं तरी पोस्टमन आणून देतोच ना, तसंच आहे हे. 2002 मधे क्लेझ नावाचा व्हायरस हेच करायचा, ज्याच्या कॉम्प्युटरात शिरला त्यातले पत्ते उचलायचा, एकाला मेल पाठवायचा अन् पाठवणारा म्हणून दुसऱ्याचा पत्ता लावायचा. त्यामुळे मला वाटतं तुमचा-माझा दोघांचा मेल असलेला तिसराच कोणी, खतवाला म्हणा ट्रान्सपोर्टवाला म्हणा, त्याचं मशीन बाधलेलं असेल अन् त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल.

झिपमधून (बांधलेल्या गठ्ठ्यासारख्या फाईलमधून) निघालेल्या फाईलचं नाव पण बघा, शेवटी पीडीएफ डॉट ईएक्सई. ईएक्सई म्हणजे कागद नाही, उघडला की चालू होणारा प्रोग्राम. विंडोज ते शेवटचं ईएक्सई लपवून ठेवतो, दिसतं फक्त पीडीएफ, कोणीही फसेल.

आमचं चुकलं ते सांगतो. गुरुवारी सकाळी आमच्याकडे मेल पोचला नाही म्हणून परत आलेल्या मेलांचा ढीग पडला होता, आम्ही कधी न पाठवलेल्या, अनोळखी लोकांना गेलेल्या. तेव्हाच सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअपवर कळवायला पाहिजे होतं, मी कळवलं नाही. अन् आमच्या डोमेनला, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाला, डीमार्क लावलेलं नव्हतं. आमच्या नावाने खोटा मेल आला तर त्याचं काय करायचं हे समोरच्या सर्व्हरला सांगणारा तो नियम, तो असता तर असा मेल बऱ्याच ठिकाणी दारातच अडला असता. आता लावलंय, रिजेक्टवर, म्हणजे असा मेल नाकारा असं सांगून. आमचं बिल झिप फाईलमधे कधीच येत नाही, शंका आली तर आधी फोन करा.

त्या मशीनचं नेट काढून ठेवा, मेलचा पासवर्ड मोबाईलवरून बदला. तुमची या सीझनची सगळी बिलं आमच्या वहीत आहेत, कॉपी काढून ठेवतो, रोपांची गाडी येईल तिच्यासोबत पाठवतो.