सिंथेटिक बायोलॉजीच्या टीममध्ये जाऊन वर्ष फुकट जातं म्हणे

तो मेसेज एव्हाना इतक्या जणांनी पुढे ढकललाय की फर्स्ट इयरच्या मुलांना टीम म्हणजे काय हे कळायच्या आधी त्यात का जाऊ नये हेच पाठ झालंय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिंथेटिक बायोलॉजीची (म्हणजे जनुकं जोडून-बदलून पेशींकडून हवं ते काम करून घ्यायचं, त्याची) रिसर्च टीम जॉइन करू नका, कारण १) बायोलॉजीत टॉपर नसाल तर तिथे तुमचं काम नाही, २) खरं काम पीएचडीवाले करतात आणि तुम्ही पिपेटच्या टिप्स म्हणजे टोकं डब्यांत भरत बसता, ३) सुट्टीच्या दोन-चार महिन्यांत काही बनत नाही, प्रोजेक्ट फेल जातो आणि हातात शून्य, ४) हा जंतूंशी खेळ आहे, ५) पैसे भरून मेडल घ्यायचा धंदा आहे, ६) आता हे सगळं एआय करतं. खाली अर्थातच, "ज्युनियर्सना फॉरवर्ड करा".

यातले एक-दोन मुद्दे अर्धे खरे आहेत, म्हणूनच तो मेसेज इतका चालतो. सगळाच खोटा असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

टॉपरपासून सुरू करू, कारण हा मुद्दा सगळ्यात गमतीशीर आहे. हे क्षेत्र उभं केलं त्यातले निम्मे लोक मुळात बायोलॉजीचे नव्हतेच. २००० साली नेचर या सायन्स जर्नलमध्ये दोन पेपर आले. एकात बॅक्टेरियामध्ये जनुकांचा ऑन-ऑफ स्विच बनवला होता, दुसऱ्यात तीन जनुकं एकमेकांना आळीपाळीने दाबतात आणि त्यामुळे ई. कोलाय हा बॅक्टेरिया दिव्यासारखा चमकतो-विझतो असं सर्किट होतं. स्विचवाले जिम कॉलिन्स आणि चमकणाऱ्या सर्किटवाले मायकल एलोविट्झ, स्टॅनिस्लास लायबलर, हे तिघंही फिजिक्समधून आलेले. डीएनएचे स्टँडर्ड तुकडे बनवा आणि जोडत जा ही बायोब्रिकची आयडिया मांडणारे टॉम नाइट एमआयटीतले कॉम्प्युटरवाले, आणि ड्रू एंडी यांची पहिली डिग्री सिव्हिल इंजिनियरिंगची. आता यांना कोणी टीमच्या दारात अडवून बारावीचे बायोलॉजीचे मार्क विचारले असते तर काय झालं असतं देव जाणे.

आजच्या टीममध्येही तेच. एक जण डिफरन्शियल इक्वेशन्स लिहून सांगतो की एवढा जोरदार प्रमोटर (जनुक किती जोरात चालवायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) लावलात तर पेशी तुमचंच प्रोटीन बनवत दमेल आणि वाढणारच नाही, दुसरी सेन्सरचा डबा बनवते, तिसरा वेबसाइट कोड करतो, आणि कोणीतरी ज्यांच्यासाठी हे बनवतोय त्या लोकांशी जाऊन बोलतं की बाबांनो तुम्हाला हे खरंच हवंय का. हे शेवटचं काम हलकं समजू नका, त्याच्यामुळे अख्ख्या प्रोजेक्टची दिशा बदलू शकते. हां, वाचावं मात्र लागतं. रायबोसोम बाइंडिंग साइट म्हणजे काय हे माहीत नसताना आलात तर हरकत नाही, दोन महिन्यांनीही माहीत नसेल तर मग अवघड आहे.

पीएचडीवाले सगळं करतात, हा दुसरा मुद्दा. टिप्स भराव्या लागतात, हो. एलबी मीडिया म्हणजे बॅक्टेरियाचं खाद्य बनवा, ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं मशीन लावा, आगरच्या जेलीच्या प्लेट्स ओता, लेबल लावा, यातून कोणाचीच सुटका नाही आणि नसावी. ज्याने स्वतः प्लेट्स ओतल्या नाहीत त्याला आगर फार गरम असताना अँपिसिलिन हे अँटिबायोटिक टाकलं की ते खराब होतं हे कळणार कसं? साधारण ५० ते ५५ अंशांवर यायची वाट बघायची असते, आणि नेमकी तेवढी वाट बघायला कोणाला सवड नसते. पण त्यापुढचं काम मुलंच करतात. आयजेम ही या विषयातली सगळ्यात मोठी विद्यार्थ्यांची स्पर्धा, २००४ साली अमेरिकेतल्या पाच टीम्सनी सुरू झाली आणि आता जगभरातून ३०० हून जास्त टीम्स असतात, तिथे कोणी काय केलं हे लिहून द्यावंच लागतं. सुपरवायझरने काय केलं, बाहेरच्या लॅबने काय दिलं, सगळं वेगळं मांडायचं, ते नसेल तर साधं ब्राँझ मेडल पण नाही.

आणि मुलं काय करू शकतात याचं उदाहरण त्या २००४ च्या पहिल्याच खेपेचं आहे. टेक्सास विद्यापीठाच्या टीमने यूसीएसएफ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांबरोबर बॅक्टेरियाची फोटो फिल्म बनवली. ई. कोलायला प्रकाश दिसत नाही, तो आतड्यात राहणारा जीव, त्याला काय करायचाय प्रकाश. यांनी सायनोबॅक्टेरियातल्या प्रकाश ओळखणाऱ्या प्रोटीनचा भाग ई. कोलायच्याच एका सेन्सरला जोडला. जिथे प्रकाश पडेल तिथे जनुक बंद, जिथे अंधार तिथे काळा रंग. चित्र प्रोजेक्ट केलं की प्लेटवर ते चित्र उमटतं. २००५ मध्ये ते नेचरमध्ये छापून आलं. टिप्स त्यांनीही भरल्याच असतील.

बाकी खरी तक्रार करायची तर ती वेगळीच आहे आणि मेसेजवाल्याला ती सुचलीच नाही. काही टीम्समध्ये गाइड नुसते नावाला असतात, दर्शन फक्त फोटोच्या दिवशी. किंवा सीनियर मंडळी उंटावरून शेळ्या हाकतात. अशा टीमपासून लांबच रहा, पण ते कुठल्याही विषयाच्या टीमला लागू आहे.

आता तिसरा मुद्दा, फेल गेलं की शून्य. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं खरं भांडण इथेच आहे.

पहिला अर्धा भाग मान्य. एका सुट्टीत औषध बनत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन घ्या, शास्त्रज्ञ जेय किसलिंग यांच्या गटाने यीस्टकडून त्याच्या आधीचं आम्ल बनवून घेतलं तो पेपर २००६ चा, आणि सनोफी या औषध कंपनीचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन २०१३ च्या सुमारास. मधे किती माणसांची किती वर्षं गेली विचारू नका. तेव्हा कोणी तुम्हाला "आपण सप्टेंबरपर्यंत प्लॅस्टिक खाणारा बॅक्टेरिया मार्केटमध्ये आणू" म्हणालं तर हसून सोडून द्या.

पण "शून्य"? एक नेहमीची सकाळ सांगते. आदल्या दिवशी ट्रान्सफॉर्मेशन केलेलं असतं, म्हणजे आपण जोडलेला प्लाझमिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) पेशींमध्ये घातलेला असतो. उणे ८० च्या फ्रीझरमधल्या पेशी बर्फावर वितळवायच्या, डीएनए टाकायचा, ४२ अंशांवर पाऊणेक मिनिट, परत बर्फ, मग ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवायचं आणि अँपिसिलिनच्या प्लेटवर पसरायचं, तिथे प्लाझमिड शिरलेल्याच पेशी तगतात. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर प्लेट कोरी. एकही कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचा ठिपका, नाही. मेसेजवाला इथे म्हणेल, फेल.

पण शेजारी दोन प्लेट्स आणखी असतात, निदान असायला हव्यात. एकीवर तयार प्लाझमिड टाकलेल्या पेशी. तिथे कॉलन्या भरपूर आल्यात? मग पेशी ठीक, प्लेट ठीक, घोळ आपल्या जोडणीत आहे. तिथेही काही नाही? मग जोडणीला दोष देऊ नका, पेशीच मेल्या असतील, कोणीतरी ट्यूब बाहेर विसरलं असेल. दुसरीवर नुसता कापलेला व्हेक्टर, म्हणजे ज्यात आपला तुकडा जोडायचा तो मूळ प्लाझमिड, घातलेल्या पेशी. तिथे कॉलन्या आल्या असतील तर तो नीट कापलाच गेला नव्हता. तिसरीच गंमत म्हणजे एक मोठी कॉलनी आणि तिच्याभोवती बारीक बारीक ठिपक्यांचा गराडा. नवीन माणूस खूश होऊन तेच ठिपके उचलतो, रात्रभर वाढवायला लावतो आणि सकाळी ट्यूब पाण्यासारखी स्वच्छ. कारण मोठ्या कॉलनीने आजूबाजूचं अँपिसिलिन फोडून टाकलं आणि त्या मोकळ्या जागेत ही फुकटी मंडळी वाढली, त्यांच्यात प्लाझमिड नव्हताच.

हे सगळं पुस्तकात दोन ओळीत असतं आणि परीक्षेत दोन मार्कांना. पण कोऱ्या प्लेटसमोर उभं राहून "नेमकं कुठे बिघडलं असेल आणि ते शोधायला सगळ्यात स्वस्त प्रयोग कुठला" हा विचार करायला लागणं आणि तो वहीत तारखेसकट लिहून ठेवणं, ही ट्रेनिंग वर्गात बसून मिळत नाही. आयजेमचं जजिंगही याच बाजूने झुकतं, तिथे डिझाइन करा, बनवा, तपासा, शिका आणि परत करा, ही फेरी नीट दाखवलीत तर शेवटची वस्तू चालली नाही तरी तुमचं काम मोजलं जातं. आणि ते वर सांगितलेलं चमकणारं सर्किट आठवा, २००० च्या त्या पेपरात साधारण ४० टक्केच पेशी नीट चमकत-विझत होत्या आणि त्याही आपापल्या तालात. पेपर तरी क्लासिक ठरला. तेच सर्किट धरून हार्वर्डच्या योहान पॉलसन यांच्या गटाने २०१६ मध्ये ते घड्याळासारखं नियमित करून दाखवलं. मधली सोळा वर्षं कोणी त्याला फेल म्हटलं नाही.

जंतूंचा मुद्दा. विद्यार्थ्यांच्या टीम्समध्ये बहुतेक वेळा ई. कोलायचे के-१२ घराण्यातले प्रकार वापरतात. मूळ के-१२ हा १९२२ साली वेगळा केला आणि तेव्हापासून लॅबमध्येच वाढून वाढून इतका लाडावलाय की माणसाच्या आतड्यात त्याचा टिकाव लागणं कठीण. बातम्यांमध्ये जो येतो तो आजारी पाडणारा ओ१५७ वेगळा, आडनाव एक म्हणून भावकी एक समजू नका. शिवाय या क्षेत्राने धोक्याचा विचार आधी केलेला आहे, १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला शास्त्रज्ञ याच प्रश्नावर जमले होते. आयजेममध्येही कुठला जीव, कुठला भाग वापरणार याची माहिती द्यावी लागते आणि बनवलेलं काही लॅबबाहेर सोडायला सक्त मनाई आहे. याचा अर्थ बिनधास्त वागा असा नाही हं. अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं आपण वापरतो, त्यामुळे कल्चर म्हणजे वाढवलेले बॅक्टेरिया सिंकमध्ये ओतणारा भिडू दिसला तर तिथल्या तिथे झापायचा, मग तो कितीही सीनियर असो. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही, विषय संपला.

एआयचं एका वाक्यात सांगते: एआयने प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधण्याच्या कामाला २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, टीम्स ते टूल रोज वापरतात, वापरायलाच हवं, पण ती कोरी प्लेट अजून त्याला कोणीतरी दाखवावी लागते आणि शेजारच्या दोन प्लेट्स लावल्याच नसतील तर तेही आपल्यासारखाच अंदाज मारतं.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथे मेसेजवाल्याची बाजू मला निम्म्याहून जास्त पटते. "मेडल विकत" हे चूक, कारण आयजेममध्ये गोल्ड म्हणजे पहिला नंबर नाही, ठरलेले निकष पूर्ण केले की कितीही टीम्सना मिळतं, आणि फी भरली म्हणून निकष पूर्ण होत नाहीत. (सीव्हीवर "गोल्ड मेडल जिंकलं" असं मोघम लिहून समोरच्याला वर्ल्ड चॅम्पियन वाटू देणारे आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ.) पण रजिस्ट्रेशन काही हजार डॉलर, वर डीएनए सिंथेसिस, एन्झाइम्स, सिक्वेन्सिंग, आणि फायनलला पॅरिसला जायचं तर तिकीट, व्हिसा, राहणं. श्रीमंत विद्यापीठाला हे किरकोळ, बाकीच्यांची अर्धी एनर्जी स्पॉन्सर शोधण्यातच जाते. ही असमानता खरी आहे आणि चांगली वेबसाइट बनवून ती झाकली जात नाही.

म्हणून जॉइन करायच्या आधी हे सरळ तोंडावर विचारा, लाजू नका: फी कोण भरतंय, प्रवासाला पैसे कमी पडले तर कोण जाणार आणि ते कोण ठरवणार, न जाणाऱ्याचं नाव कामात राहणार का, परीक्षेच्या काळात लॅबचं वेळापत्रक काय, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, आणि गेल्या वर्षीच्या टीमच्या लॅब नोटबुक बघायला मिळतील का. नोटबुक "शोधून सांगतो" म्हणाले तर दुसरी टीम बघा.